गुलाबी बोंडअळीचा शिवार-नकाशा कसा काढायचा, आणि काहून काढायचा

हे लिहितोय ते कापूसवाल्यांसाठी, त्यातही ज्या गावात पाच-पंचवीस जण एका जागी बसून बोलू शकतात अशा गावांसाठी. एकट्याच्या जोरावर होणारं काम असतं तर कृषी केंद्रातून बाटली आणा अन् मारा एवढंच सांगितलं असतं, पण गुलाबी अळीचं तसं नाही. तिची संख्या किती वाढणार हे एकट्या तुमच्या वावरावर ठरत नाही, आणि बीटी (म्हणजे बाहेरचा जीन घालून कपाशीच्या झाडातच तयार होणारं अळीचं विष) खाऊनही ती मरत नाही हा जो तिच्यात बदल झाला तोही एकट्याच्या वावरावर ठरला नाही. शिवारात कोणतं वावर कुठं आहे, कोणतं कधी हिरवं असते अन् कोणतं कधी वाळते, यावर दोन्ही गोष्टी ठरतात. वरून या दोन गोष्टी एकमेकींना ढकलत राहतात: संख्या वाढली की बदल लवकर पसरते, बदल पसरला की संख्या आणखी वाढते. म्हणून म्हणतो आधी नकाशा काढा, फवारणीचं मग पाहू.

काम सांगायच्या आधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर हे सगळं उगाच वाटेल.

बीटी कापूस आपल्याकडं २००२ ला आला, एका जीनचा. दुसरा जीन घातलेला २००६ ला आला, ज्याला आपण बीजी-टू म्हणतो. मुख्य रोख होता अमेरिकन म्हणजे हिरव्या बोंडअळीवर, पण गुलाबी पण त्यात मरत होती, अन् चांगली मरत होती. मग २०१० ला गुजरातमधून बातमी आली, अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जीनला दाद देत नाही म्हणून. काही वर्षांत बीजी-टू पण तिथं फेल जायला लागला, अन् २०१७ ला आपल्या विदर्भात काय झालं ते सांगायची गरज नाही, बोंडं फोडली की आत गुलाबी किडे अन् कवडी झालेला कापूस.

आता यातली गंमत पाहा. तोच जीन, तेच वावर, तेच शेतकरी, तरी हिरवी अळी बीटीला एवढी सरावली नाही अन् गुलाबी सरावली. काहून? हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटर खाते, ज्वारीच्या कणसात पण सापडते. म्हणजे शिवारात तिला बीटी नसलेल्या शंभर जागा आहेत, तिथं बीटी कधी न चाखलेले पतंग दरवर्षी तयार होतात अन् कपाशीवरच्या वाचलेल्या पतंगांशी त्यांची जोडी जमते. गुलाबीचं पोट मात्र जवळपास कपाशीवरच. भेंडी, अंबाडी अशी थोडीफार चालते, पण खरं घर कपाशी. अन् आपण काय केलं, दहा वर्षांत जवळपास सगळी कपाशी बीटी करून टाकली. तिला बीटी नसलेली जागाच ठेवली नाही.

साधे पतंग तयार व्हावे म्हणून बीटीच्या जोडीला मुद्दाम लावलेल्या नॉन-बीटी झाडांना रेफ्युजी म्हणतात. म्हणून जे म्हणतात की "माह्या वावरात तूर आहे ना, तेच माह्यं रेफ्युजी", त्यांना सांगा की ते हिरव्या अळीसाठी ठीक आहे. ऑस्ट्रेलियात खरोखर तुरीचे पट्टे रेफ्युजी म्हणून लावतात, पण तिथला शत्रू हिरव्या अळीच्या खानदानातला आहे. गुलाबी तुरीकडं ढुंकूनही पाहत नाही.

थोडं गणित पण करून घ्या, डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जाते. बीटी पचवायचा गुण अळीला आई अन् बाप दोघांकडून मिळाला तरच ती वाचते, एकाकडून मिळाला तर बहुतेक मरते, हे सुरुवातीचं चित्र होतं. समजा हा गुण शंभरात एक एवढा दुर्मिळ आहे. मग दहा हजार अळ्यांत दोन्हीकडून गुण मिळालेली निघते फक्त १. एकाकडून मिळालेल्या १९८. बाकी ९८०१ साध्या. बीटीवर ती एकच वाचणार. आता ती एक वाचलेली पतंग झाली अन् आजूबाजूला नॉन-बीटीवरचे साधे पतंग भरपूर असले तर तिची जोडी साध्याशीच जमणार, पोरं सगळी एकाकडून गुण मिळालेली, बीटीवर ती मरणार, विषय संपला. पण आजूबाजूला साधे पतंगच नसले तर? मग वाचलेल्याला वाचलेलाच भेटणार अन् सगळी पोरं बीटी पचवणारी. म्हणजे किती वाचले यापेक्षा वाचलेल्याला जोडीला कोण भेटलं, हा प्रश्न मोठा. अन् कोण भेटणार हे अंतरावर ठरते. पतंग वाऱ्यावर लांब पण जाते, पण चारा अन् जोडी जवळ मिळाली तर बहुतेक पतंग तिथंच आसपास फिरतात.

१९६९ ला रिचर्ड लेव्हिन्स नावाच्या शास्त्रज्ञानं एक साधं मॉडेल मांडलं होतं, की किडीची वस्ती म्हणजे एक मोठा ढीग नसते, तुकडे-तुकडे असतात, एका तुकड्यात ती संपते, शेजारच्या तुकड्यातून परत येते. अन् विशेष म्हणजे त्यानं ते किडीच्या बंदोबस्ताचाच विचार करत मांडलं होतं. आपलं शिवार डोळ्यापुढं आणा, तंतोतंत तेच आहे.

चला आता कामाला.

पहिलं काम, नकाशा.

तलाठ्याकडून गट नंबरचा नकाशा मिळाला तर उत्तम, नाहीतर मोबाईलवरचा सॅटेलाईट फोटो मोठा करून कागदावर उतरवा, गावातली पोट्टे हे अर्ध्या दिवसात करून देतात. त्यावर कापूस कुठं आहे ते रंगवा, पण नुसता कापूस एवढं रंगवून उपयोग नाही. तीन प्रकार वेगळे दाखवा: भारी काळी जमीन, मध्यम, अन् बरड-मुरमाड. वरून ओलीत कुठं आहे ती विहीर-बोअर-कॅनॉलची खूण. हे काहून, तर बरड जमिनीवरची कपाशी डिसेंबर आला की आपोआप वाळते, तिथं अळीला पुढं काही मिळत नाही. पण भारी जमिनीत, त्यातही ओलिताच्या वावरात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवी बोंडं असतात. असं वावर म्हणजे शिवारातलं उगमाचं वावर. पुढच्या साली सगळ्या गावाला पुरतील एवढ्या अळ्या तिथून निघतात. बरडवाला बिचारा दरवर्षी फवारते अन् दरवर्षी त्याच्याकडं दुसऱ्याच्याच वावरातून पतंग येते. त्यानं कितीही खर्च केला तरी त्याच्या हातात काही नाही, हे त्याला नकाशावर दाखवल्याशिवाय पटत नाही.

मग आणखी खुणा करा: मे महिन्यात ओलिताखाली लावलेली कपाशी कोणाकोणाची, पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग कुठं (धुऱ्यावर, गोठ्यामागं, घराच्या परसात), घरात साठवलेला कापूस कोणाकडं जास्त दिवस राहते, जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, किती दूर. गावाच्या दोन-तीन किलोमीटरवर जिनिंग असलं तर त्या बाजूची वावरं वेगळ्या रंगानं काढा. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा अशा गावांच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथं वर्षभर सरकी येते-जाते अन् सरकीतूनच पतंग निघते. अन् नॉन-बीटी ओळी खरोखर कोणी लावल्या असतील तर त्या, अन् भेंडीचे तुकडे पण.

दुसरं काम, सापळे, पण गुच्छात नाही.

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नराला ओढणारे सापळे, नजर ठेवायला एकरी दोन पुरतात, हेक्टरी पाच म्हणतात तेच. पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर टांगायचे, पीक वाढलं की सापळा वर सरकवायचा, हे बरेच जण विसरतात अन् सापळा पानांत बुडून जाते. आतली गोळी, म्हणजे ल्युअर, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलायची, साधारण तीन-चार आठवडे धरा. सापळ्यात येतात ते फक्त नर, हे लक्षात असू द्या, सापळा भरला म्हणजे अळी संपली असं नाही.

सापळे वाटताना मात्र नकाशा समोर ठेवा. उगमाच्या वावराला लागून काही, बरडात काही, जिनिंगच्या बाजूला काही, मधोमध काही. कपाशीला पात्या (फुलाच्या कळ्या) धरायच्या आधीपासून, म्हणजे लावणीनंतर महिना-दीड महिन्यापासून, रोज नाही जमलं तरी ठरलेल्या दिवशी मोजा अन् मोजून झाल्यावर रिकामे करा. आठ पतंग एका सापळ्यात एका रात्री, असं सलग तीन रात्री आलं तर ती धोक्याची पातळी, हे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था अन् अकोल्याचं कृषी विद्यापीठ दोघंही सांगतात. पण मी म्हणतो पातळीपेक्षा क्रम पाहा. सगळ्या सापळ्यांत एकदम वाढ झाली तर पतंग बाहेरून आलेत किंवा सगळीकडं एकाच वेळी पिढी निघाली आहे. एका कोपऱ्यात आधी वाढ झाली अन् मग महिनाभरानं बाकीच्यांत, तर तो कोपरा तुमचा उगम. एक पिढी पूर्ण व्हायला साधारण महिना लागते, अंडं चार-पाच दिवस, अळी दोन आठवड्यांच्या आसपास, मग कोष अन् मग पतंग. त्यामुळं लाटा महिन्या-महिन्यानं येतात, अन् लाट कुठून निघाली हे पहिल्या दोन लाटांतच कळून जाते. ऑक्टोबरमध्ये पाहायला घेतलं तर सगळीकडं सारखंच दिसणार, तेव्हा काही कळत नाही.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते अन् ते कोणीच करत नाही. बीटीच्या ओळीतली बोंडं अन् नॉन-बीटीच्या ओळीतली बोंडं एकाच दिवशी फोडून ताडून पाहायची.

एका वावरातून वीस-वीस हिरवी बोंडं दोन्हीकडून घ्या, मध्यम आकाराची, साधारण एकाच वयाची, वेगवेगळ्या झाडांची. झाडं निवडताना चांगली-वाईट बघू नका, वावरात तिरपं चालत जा अन् ठरलेल्या पावलांवर जे झाड येईल त्याचं बोंड. नुसतं बाहेरून पाहून चालत नाही, अळी आत शिरली की छिद्र बुजून जाते, बोंड वरून साफ दिसते. फोडा अन् आत पाहा. आता इथं एक बारीक गोष्ट: बारकी पांढरी, केसाएवढी अळी मोजू नका, ती बीटी खाऊन मरणार पण असू शकते. मोजायची ती वाढलेली, गुलाबी पट्टे आलेली, किंवा अळी बाहेर पडल्याचं गोल छिद्र. वीसपैकी दोन बोंडांत अळी दिसली की दहा टक्के झाली, फवारणीचा विचार करायची वेळ. पण हा झाला संख्येचा हिशोब. बदलाचा हिशोब असा: नॉन-बीटीत दहा बोंडं खराब अन् बीटीत एक, तर बीटी अजून काम करते. नॉन-बीटीत दहा अन् बीटीत नऊ, तर तुम्ही बियाण्याचे जे पैसे मोजता त्यातला गुलाबी अळीसाठीचा भाग वाया गेला समजा.

हे दरवर्षी वहीत टाका, गट नंबर लिहून. अळीमधला बदल डोळ्यानं पाहायचा सध्या शेतकऱ्याच्या हातातला हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. लॅबवाले विष मिसळलेल्या खाद्यावर अळ्या वाढवून हेच पाहतात, फक्त नेमकं पाहतात.

जमल्यास डोमकळ्या पण मोजा. पाकळ्या गुंडाळून बंद झालेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल म्हणजे डोमकळी, आत अळी असते. ती तोडून पिशवीत टाकून नष्ट करायची, वावरात फेकायची नाही. सुरुवातीच्या पिढीत एक डोमकळी तोडणं म्हणजे पुढच्या पिढीच्या शेकडो अंड्यांना आळा, नोव्हेंबरमध्ये तोडून काही होत नाही.

आता रेफ्युजी. यावर मी जरा लांबण लावणार आहे, काहून की इथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

आधी नियम होता पाच ओळी बांधानं किंवा वीस टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते, अन् ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं. ते पाकीट किती जणांनी लावलं? आपल्या भागात ते एकतर नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला गेलं, नाहीतर फेकून दिलं, अन् दोष शेतकऱ्याचाच नव्हता, त्यातलं बी कधी उगवायचं नाही, कधी दुसऱ्याच जातीचं, फूल आधी-मागं. फूल आधी-मागं आलं की साधे पतंग तयार होणार सप्टेंबरात अन् बीटीवरचे वाचलेले निघणार ऑक्टोबरात, त्यांची भेटच नाही. जागा बरोबर अन् वेळ चुकली तरी रेफ्युजी बेकार. म्हणून वेगळ्या ओळी लावायच्या असतील तर तेवढ्याच दिवसांची जात लावा अन् लावण एकाच दिवशी करा.

आता नव्या पाकिटात नॉन-बीटी बी मिसळूनच येते, ४७५ ग्रॅमचं पाकीट. म्हणजे झाडं वावरभर विखुरली. गुलाबीसाठी ही पद्धत एका अर्थानं बरी आहे कारण तिची बारकी अळी अंड्यातून निघाली की जवळच्या बोंडात शिरते अन् तिथंच राहते, या झाडावरून त्या झाडावर फिरत बसत नाही. अन् साधा पतंग वाचलेल्या पतंगाच्या शेजारच्या झाडावरच तयार होते. फक्त प्रमाण कमी आहे हे खरं.

पण एक जागा अशी आहे की जिथं मिसळ होऊ नये अन् आपल्या देशात तीच झाली: एकाच बोंडाच्या आत. आपल्याकडं बीटी म्हणजे हायब्रीड. हायब्रीडमध्ये जीन एकाच बाजूनं आलेला असते, त्यामुळं त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. बीजी-टूच्या १६ सरक्या धरल्या तर साधारण ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये पहिलं, ३ मध्ये दुसरं, अन् १ मध्ये काहीच नाही. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात बसून ती थोडं विष, थोडं साधं, थोडं अर्धं असं खात जाते, हे म्हणजे डॉक्टरनं दिलेला गोळ्यांचा कोर्स अर्धा सोडून देण्यासारखं. ज्या अळीला गुण आई-बापांपैकी एकाकडूनच मिळाला अन् जी मरायला पाहिजे होती, ती पण अशा कमी विषात तगून जाते.

अन् आता चीनचं ऐका. यांगत्से नदीच्या खोऱ्यात तिथल्या शेतकऱ्यांनी पैसे वाचवायला हायब्रीडचं दुसऱ्या पिढीचं बी लावलं. त्यात चौथा हिस्सा झाडं पूर्ण नॉन-बीटी निघाली, अख्खी झाडं. अन् २०११ ते २०१५ या काळात तिथल्या गुलाबी अळीची बीटी पचवायची ताकद वाढायची सोडून उलटी कमी झाली. पाहा, नॉन-बीटीचा हिस्सा बोंडाच्या आत असला तर अळी सरावते अन् झाडाच्या पातळीवर असला तर अळीचं सरावणं थांबते. (आता यावरून घरचं बी लावायला निघू नका, त्यांच्याकडं एकच जीन होता अन् तिथं तेव्हा ताकद फार पसरलेली नव्हती, आपली गाडी पुढं गेली आहे.)

याचसाठी प्रामाणिकपणे सांगतो, आज आपल्या शिवारात बीटी पचवणारे पतंग एवढे झालेत की नुसत्या रेफ्युजीनं एक-दोन वर्षांत चमत्कार होणार नाही. रेफ्युजी तेव्हा ताकद दाखवते जेव्हा वाचलेले पतंग मोजके असतात. म्हणून आधी संख्या पाडा. अमेरिकेत ॲरिझोनात हेच केलं, सुरुवातीची दहा वर्षं रेफ्युजी कडक पाळली, मग २००६ पासून विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडले, कामगंध वापरला, पऱ्हाटी वेळेत मोडली, अन् २०१८ ला त्यांच्या सरकारनं गुलाबी अळी देशाच्या कापूस पट्ट्यातून संपली असं जाहीर केलं. आपल्याकडं विमानं नाहीत, पण पऱ्हाटी मोडणं तर आपल्या हातात आहे.

तर चौथं काम, फरदड बंद, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवणं बंद.

इथं आमच्या गावात काकाजी म्हणतात, "काहून बा, झाडावर बोंड हाय, पाणी हाय, फुकटचा कापूस सोडाचा का?" अन् त्यांचं चूक म्हणता येत नाही, त्यांच्या वावरापुरतं पाहिलं तर दोन क्विंटल तर दोन क्विंटल, पैसा आहे. पण दिवस लहान झाले, थंडी पडली की गुलाबी अळी झोपी जाते, म्हणजे दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत गुंडाळून पडून राहते, महिनोनमहिने. नोव्हेंबरनंतरच्या बोंडांत अशा झोपलेल्या अळ्या जास्त असतात. म्हणजे फरदडीचे ते दोन क्विंटल वेचताना तुम्ही पुढच्या सालचं अळीचं बियाणं राखता. अन् ते बियाणं कोणतं, तर अख्खा हंगाम बीटी खाऊन तगलेलं. फरदडीनं संख्या पण वाढते, वर्षाच्या पिढ्या पण वाढतात, अन् जितक्या पिढ्या जास्त तितका बदल लवकर.

नकाशावर फरदडीची वावरं लाल करा. त्या मालकांशी बोलायचं काम पंचायतीच्या माणसानं नाही, त्यांच्याच भावकीतल्या कोणी केलेलं बरं. पर्याय घेऊन जा, नुसता उपदेश घेऊन नाही: ओलीत आहे ना, मग कपाशी डिसेंबरात काढून गहू, हरभरा, भुईमूग, काय जमते ते. पाच-सहा उगमाची वावरं जरी वेळेत मोडली तरी बाकी पन्नास वावरांना फरक पडते, अन् उलट पन्नास जणांनी मोडून त्या पाच-सहांनी ठेवली तर फारसा पडत नाही. म्हणून सगळ्यांच्या मागं सारखी शक्ती घालवू नका.

मोडायची पद्धत: शेवटची वेचणी झाली की आधी शेळ्या-मेंढ्या सोडा, त्या अर्धवट बोंडं अन् पाला खाऊन टाकतात, धनगरांचे कळप त्याच दिवसांत फिरत असतात. मग श्रेडर मिळालं तर भाड्यानं एकत्र बोलवा अन् बारीक करून जमिनीत घाला, नाहीतर उपटून घ्या अन् खोल नांगरटी. चुलीला पऱ्हाटी लागते, वहिनींना विचारल्याशिवाय ढिगाऱ्याचा निर्णय घेऊ नका, पण ढिगात जाणाऱ्या पऱ्हाटीवर एकही न फुटलेलं बोंड नको अन् ढीग वावराच्या धुऱ्यावर नको. घरातला कापूस भावाची वाट पाहत जूनपर्यंत ठेवला असेल तर त्या खोलीत एक कामगंध सापळा टांगा. जिनिंगवाल्यांनी पण आवारात लावायला पाहिजेत, तशी शिफारस आहे, गावानं ठराव करून मागायला हरकत नाही.

पाचवं, लावण. मे महिन्यातली ओलिताची कपाशी शिवारात दोन जणांची जरी असली तरी बाकी सगळ्यांचं नुकसान होते. पहिल्या पावसानं ओल मिळाली की झोपलेल्या अळ्यांचे पतंग निघायला लागतात. तेव्हा कुठंच पाती-फूल नसलं तर ते अंडी घालायला जागा न मिळता मरून जातात. पण दोन वावरं फुलावर असली की सगळ्या शिवारातले पतंग तिथं जमतात, पहिली पिढी तिथंच वाढते अन् मग सगळ्यांकडं पसरते. तुकड्या-तुकड्यांच्या वस्तीत संपलेली कीड परत येते ती अशा एखाद्या पुलावरून. जूनमध्ये चांगला पाऊस पडल्यावर, गावानं आठ-दहा दिवसांच्या आत टोबून घेतलं तर हा पूल तुटते. अन् लवकर येणारी, १५०-१६० दिवसांत मोकळी होणारी जात सगळ्यांनी लावली तर डिसेंबरचं काम पण सोपं होते.

फवारणीचं थोडक्यात. अळी बोंडात गेली की औषध पोचत नाही, म्हणून मारायचं ते पतंग अन् अंडी दिसतात तेव्हा. सुरुवातीला निंबोळी अर्क ५ टक्के, जमलं तर ट्रायकोकार्ड (अळीची अंडी मारणारा मित्रकीटक असलेलं कार्ड), एकरी साठ हजार अंड्यांच्या हिशोबानं, पण कार्ड लावलं की लगेच विष मारायचं नाही, मित्रकीटक पण मरतात. सुरुवातीलाच पायरेथ्रॉईड गटाचं रासायनिक औषध मारलं तर पांढरी माशी वाढते. रासायनिक औषधाचं नाव अन् मात्रा विद्यापीठाच्या त्या सालच्या शिफारशीतूनच घ्या. एक गोष्ट मात्र गावानं मिळून ठरवा: या महिन्यात सगळ्या शिवारात या गटाचं औषध, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटाचं. आज काय होते, प्रत्येक जण वेगळं मारते, मग पतंगाच्या एकाच पिढीला पाच औषधं थोडी-थोडी चाखायला मिळतात अन् पुढची पिढी पाचही ओळखते. ऑस्ट्रेलियात हिरव्या अळीसाठी असे काळाचे टप्पे पाडूनच फवारतात. अन् तोंडाला कपडा, हातमोजे, वाऱ्याची दिशा, हे २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेल्यानंतर पण सांगावं लागते याचं वाईट वाटते.

नराला मादी सापडू नये म्हणून झाडाला बांधायचे गंधाचे दोरे आता मिळतात. चांगली गोष्ट आहे, पण एक-दोन एकरावर बांधून पैसे घालवू नका. मादीची जोडी शेजारच्या वावरात जमते अन् अंडी घालायला ती तुमच्याकडं येते. लागून असलेले शंभर एक एकर एकत्र येत असतील, तेही उगमाच्या बाजूनं, तरच विचार करा.

वहीचं शेवटचं सांगतो. प्रत्येक सापळ्याची संख्या, बीटी अन् नॉन-बीटी बोंडांचा ताळा, कोणतं वावर कोणत्या तारखेला मोडलं, अन् जूनमध्ये पहिली लावण कोणाची, एवढे चार रकाने. दुसऱ्या सालचा नकाशा नवीन कागदावर काढा, जुन्यावर खोडाखोड करू नका, दोन्ही शेजारी ठेवले की उगम कुठून कुठं सरकला ते दिसते. अन् सरकतोच, एकानं फरदड सोडली की दुसऱ्याच्या विहिरीला पाणी लागलेलं असते. वही ज्याच्याकडं राहील त्याला वर्गणीतून ल्युअरचे पैसे आधीच, मे महिन्यात, देऊन ठेवा, ऐन वेळी कोणी देत नाही.